आठशे रुपयांची झडप

खाली चपलांचं काम, वर आम्ही.
सुभाषनगरात बहुतेकांचं असंच:
तळाला कातडं, खिळे, सोल्युशनचे डबे,
वर भाकरी, अंथरुणं, पोराचं दप्तर.
वासाची इतकी सवय
की त्या रात्री वेगळा वास आला
तर तो वेगळा आहे हे कळायलाच
वेळ गेला.

पावणेतीन. घड्याळ दिसलं,
मग दिसेनासं झालं.

ह्यांनी जिन्याचं दार उघडलं.
जिना नव्हताच तिथं.
काळं, जाड, ऊन काहीतरी उभं होतं
पाहुण्यासारखं, आत यायच्या तयारीनं.
"मीटर बंद करून येतो," म्हणाले.
मी गंजीला धरून मागं ओढलं
आणि दार लावलं.
त्यांचं ऐकलं नाही, अशी ही दुसरी वेळ.

पहिली वेळ खिडकीची.
उद्यमनगरातनं ग्रिलवाला आला होता, मापं घेत होता.
मी म्हटलं, एक झडप उघडती ठेवा.
हे म्हणाले, चोराला कशाला दार?
मी म्हटलं, चोर काय नेणार, चपला?
आठशे रुपये जादा लागले.
ते मी भिशीतून दिले
आणि पुढं सहा वर्षं ऐकत राहिले.
किल्ली चौकटीशेजारच्या खिळ्यावर,
अंधारात चाचपडलं तरी लागेल अशी.

धूर वर जातो.
फुंकणीवर वाकलेल्या बाईला
हे कुणी शिकवावं लागत नाही.
"पालथे पडा," म्हटलं, "फरशीला गाल लावून."
चादरी माठात बुचकळल्या,
मामंजींचं धोतर, माझी शाल,
सगळं दाराच्या फटीत कोंबलं.
दार पलीकडून तडतडायला लागलं.
रेवणनं विचारलं, आई, कोण वाजवतंय?

मी कुलूप काढलं.
गंजलेली झडप आधी हललीच नाही.
मग ह्यांनी खांदा लावला.

बोळात मुल्लाणींचा शौकत उभा,
मंडपाची शिडी घेऊन,
गणपतीत ज्यावरनं तोरणं बांधतो ती.
बंब गल्लीच्या तोंडाशी अडकलेला,
कुणाच्या तरी टेम्पोची चावी सापडत नव्हती.
शिडी लावली. दोन हात कमी पडली.

"पाय आधी बाहेर! तोंड घराकडं!" शौकत ओरडला.
रेवण गेला.
मामंजी अडले.
जन्मभर दुसऱ्यांच्या पावलांची मापं घेतलेला माणूस
स्वतःचं पाऊल कुठं ठेवावं म्हणून रडला.
ह्यांनी त्यांच्या काखेत हात घातले, खाली सोडलं,
जपून, ओल्या कातड्यासारखं.
मग मला म्हणाले, तू.
भांडायला वेळ नव्हता.

चौकट पोटाला रुतली.
लोंबकळले.
ज्या घरातून निघाले त्याच्याच भिंतीला
नाक लागलेलं.
खाली पाय फिरवते तर काहीच नाही,
नुसती बोळातली गार हवा.
धरून ठेवायचं तेवढं आयुष्यात शिकले होते.
मग घोट्यांना कुणाचे तरी पंजे.
"धरलंय वहिनी. सोडा की आता."

सोडलं.

हे शेवटी आले, खोकत,
भुवया करपलेल्या.

रस्त्यावर आम्ही चौघं अनवाणी.
चपलांच्या गल्लीत!
लोकांनी घराघरातून जोड आणून टाकले,
एकाचाही माप जुळेना.
मामंजी तेवढ्यातही एकाची शिवण बघत बसले.

दोन दिवसांनी वर जाऊ दिलं.
दाराची जिन्याकडची बाजू कोळसा.
आतल्या बाजूला रेवणच्या उंचीच्या रेघा,
पेन्सिलीच्या, पहिलीपासूनच्या,
तशाच.

आता भाड्यानं राहतो, दुसऱ्या मजल्यावर.
परवा ग्रिलवाला आला.
मी आत चहा टाकत होते.
बाहेरून ह्यांचा आवाज आला:
झडप ठेवा.
नाही, एवढी नको.
मोठी.